पटावरची एकोणीस नावं

आमच्या शाळेत हजेरीला तीन उत्तरं होती. बाकी शाळांत एकच असतं. मूल असलं तर "हजर" म्हणतं, नसलं तर वर्ग गप्प राहतो आणि गुरुजी पुढच्या नावाकडं वळतात. मिसबाईंना हे गप्प राहणं चालत नसे. कुणी तापानं घरी असेल तर गोष्ट वेगळी, त्याच्या नावापुढं मुकाट्यानं "गैरहजर" लिहिलं जाई. पण जे मूल दुष्काळापायी आईबापाबरोबर गाव सोडून गेलंय, त्याचं नाव पुकारलं की त्याच्या शेजारी बसणाऱ्यानं उभं राहून सांगायचं, "यायचीय, मिसबाई," किंवा "यायचाय". मग मिसबाई त्या नावापुढं एक बारीक गोल काढीत. आणि ते मूल खरंच परत आलं, तर पहिल्या दिवशी त्यानं "हजर" म्हणायचं नाही, "आले" म्हणायचं. त्यावर मिसबाईंचंही उत्तर ठरलेलं होतं: "मग तुझी वही घे."

ही वहीची भानगड पुढं येईल. आधी मिसबाई सांगते.

मूळची मिस इंग्रज होती. निजामाच्या काळात तिनं लातूरच्या बाहेर माळावर ही दगडी शाळा बांधली, एक घंटा आणली, एक विहीर खणली आणि वय झाल्यावर आपल्या देशाला निघून गेली. तिच्यामागं शाळा आमच्या मिसबाईंकडं आली आणि शाळेबरोबर ते नावही आलं. एरवी बाई अस्सल इथल्याच. पांढरं लुगडं, पायांत कॅनव्हासचे बूट, गळ्यात क्रूसाच्याच दोरीत ओवलेली शिट्टी. बिशपसाहेब वर्षातून एकदा जीपनं येत, तेव्हा त्यांच्याशी इंग्रजी; पाठ वळली की ज्वारीची भाकरी, ठेचा आणि आमच्यासारखीच बोली. शाळा म्हणायला इंग्लंडच्या चर्चची, पण तिकडून येणारी मदत केव्हाच आटली होती आणि सरकारी अनुदान मिसबाईंनी जन्मात मागितलं नाही. फी म्हणून कुणी ज्वारी देई, कुणी विहिरीतला गाळ काढून देई. सकाळी प्रार्थनेला रांगेत उभ्या असलेल्या पोरांपैकी निम्म्यांच्या गळ्यात लिंग, काहींच्या ताईत आणि क्रूस मोजून चार. चाल मात्र सगळ्यांची एकच, आणि ती भजनाची.

प्रार्थना संपली की मिसबाई डोळे मिटूनच देवाशी चार शब्द जास्तीचे बोलत. आम्हाला त्याच भागाची ओढ असे. "काल तू वारं सोडलंस, ढग घालवलेस. तुझी मर्जी. पण आमच्या इहिरीला हात लावायचा न्हाई, हे मी तुला सांगून ठेवलेलं हाय." इतक्या दमात तर माझी आई माझ्या बापाशीही बोलत नसे. एखादं पोर चोरून पेरू तोडताना सापडलं की त्या म्हणत, "देव बघतो, पर मी आधी बघते." हे खरंच होतं. देवाचा आम्हाला तितकासा धाक नव्हता.

त्या दुष्काळात शहरातल्या विहिरी एकेक करून कोरड्या पडल्या, पण शाळेच्या विहिरीनं तळ दाखवला नाही. देव मिसबाईंच्या दमाला घाबरला की इंग्रज मिसनं खोल खणली होती, ते मला ठाऊक नाही. शेजारच्या वस्त्यांतल्या बायका घागरी घेऊन फाटकाशी रांग लावू लागल्या. मिसबाईंनी फाटक उघडलं आणि विहिरीजवळ एक फळा टेकवून ठेवला. पाणी हवं तेवढं न्या, पण एका घागरीला एक अक्षर. रहाटाशी आपली पाळी येईपर्यंत फळ्यावर ते गिरवायचं, मगच दोर हातात.

माझी आई भडकली. "पाण्याला आलोत का शाळंला?"

"दोन्हीला आलीस," मिसबाई म्हणाल्या. "घागर भरेस्तोवर हात मोकळाच हाय की."

आई घरी येऊन महिनाभर मिसबाईंच्या नावानं बोटं मोडीत होती. पण दिवसाला चार घागरी लागत, त्यामुळं बोटं मोडता मोडताच तिला स्वतःचं नाव लिहिता येऊ लागलं. पुढं दुष्काळी कामावर मुकादमानं अंगठ्यासाठी शाईची डबी पुढं केली तेव्हा आईनं ती बाजूला सारली आणि पेन मागितलं. खडी फोडून तिचे हात सुजलेले होते, अक्षर वाकडंतिकडं आलं, पण रांगेतल्या बायका वाकून वाकून बघत होत्या. तो दिवस मला कामावर पोरांना वाटायच्या त्या सुकडीच्या वासासकट आठवतो.

हो, कामावर आम्हीही गेलो. वडील गाडीवान होते, अडत बाजारात माल वाहायचे. चारा संपला तशी त्यांनी देवणी बैलांची जोडी लांबच्या एका पाहुण्याकडं नेऊन बांधली आणि आम्ही कालव्याच्या कामावर निघालो. जायच्या आधी वडील मला घेऊन शाळेत गेले आणि मान खाली घालून म्हणाले की पोरीला नेतोय, दोन महिन्यांत येतो. मिसबाईंनी कारण विचारलं नाही, की शिकवणीचं नुकसान सांगितलं नाही. माझ्या शेजारी बसणाऱ्या महानंदाला उभं केलं आणि म्हणाल्या, "हिची वही आजपासनं तुझ्याकडं."

ही त्यांची रीत. गेलेल्या मुलाची एक कोरी वही शेजारच्यानं सांभाळायची. रोजचा धडा आपल्या वहीत उतरवला की तोच पुन्हा त्या वहीत उतरवायचा, गणितं सोडवायची, तारीख घालायची. पोरं कुरकुरत, दुप्पट काम कुणाला आवडतंय. पण मिसबाई शनिवारी आधी त्या वह्या तपासत, मग आमच्या.

दोन महिने म्हणून गेलेलो आम्ही चौदा महिन्यांनी परतलो. गाडी होती, बैल नव्हते. मी काळी पडले होते, तळहाताला घट्टे आले होते आणि वर्गात शिरायची लाज वाटत होती. हजेरी सुरू झाली. माझं नाव आलं. महानंदा सवयीनं उभी राहिली, तोंड उघडलं आणि माझ्याकडं बघून तशीच उभी राहिली. मी कशीबशी म्हणाले, "आले, मिसबाई."

"मग तुझी वही घे."

एक नव्हती, सहा होत्या. चौदा महिन्यांतला एकही दिवस सुटला नव्हता. महानंदाचं अक्षर गोल, दाण्यासारखं. आणि समासात, मिसबाईंच्या नजरेला पडणार नाही इतक्या बारीक पेन्सिलीनं, माझ्यासाठी लिहिलेल्या ओळी. आज तुझ्या जागेवर मांजर बसलं होतं. आज मिसबाई खुर्चीत झोपल्या, आम्ही कुणी उठवलं नाही. आज मला ताप आहे, पण लिहिते. मी त्या वह्या घरी नेऊन चुलीच्या उजेडात वाचल्या आणि रडले. इतके दिवस आपण कुठंच नव्हतो असं वाटत होतं, आणि इथं रोज कुणीतरी आपली जागा धरून बसलं होतं. पुढच्या आयुष्यात मला बरंच काही मिळालं, पण असं काही पुन्हा मिळालं नाही.

पाऊस पडला, पण महानंदाच्या बापाचा तेलाचा घाणा दुष्काळात बंद पडला तो पडलाच. तिचा मामा आंध्रात, बोधनला साखर कारखान्यात होता. तिकडं हाताला काम आहे म्हणून ते निघाले. महानंदा सांगायला आली तेव्हा तिच्या कपाळाला ओलं भस्म होतं आणि हातात केळीच्या पानात गुंडाळलेली करंजी. आता तुझी पाळी, इतकंच ती म्हणाली. मी हसले. मला वाटलं, फार तर चौदा महिने.

एक पोस्टकार्ड आलं. मग आलं नाही.

मी रोज उभी राहून "यायचीय" म्हणत होते आणि तिची वही लिहीत होते. समासात मीही लिहायची. तुमच्या घाण्याचं लाकूड कुणीतरी नेलं. मिसबाईंनी देवाला आज जास्त झापलं. सातवी झाली, मी शाळेतून बाहेर पडले, पुढं घरी अभ्यास करून बाहेरून मॅट्रिकही झाले, पण मिसबाईंनी तिचं नाव पटावरून काढलं नाही. दर जूनला नवा हजेरीपट आला की आधी नवी मुलं लिहायच्या, मग शेवटच्या पानावर गोलवाली नावं उतरवून काढायच्या. ती पुकारली की नवी पोरं, ज्यांनी महानंदाला जन्मात पाहिलं नव्हतं, उभी राहून "यायचीय" म्हणत. कोण यायचंय, ते त्यांनी कधी विचारलं नाही. शाळेत घंटा असते, फळा असतो, तशी ही नावं असतात, असंच त्यांना वाटत असणार.

मग लातूर जिल्हा झाला. फटाके उडाले, पेढे वाटले, कचेऱ्यांच्या पाट्यांवरचं उस्मानाबाद खरवडून नवं नाव रंगवलं गेलं. मिसबाईंना मी पेढे द्यायला गेले तर म्हणाल्या, "जिल्हा झाला म्हंजी काय, आता आपल्या चुका शोधायला सायबाला एसटी लागणार न्हाई." मी हसले खरी, पण पेढे दोन कारणांचे होते. नव्या जिल्ह्यात नव्या कचेऱ्या, नव्या कचेऱ्यांत नव्या जागा, आणि त्यांतली एक मला मिळाली होती. शिक्षण खात्यात, कनिष्ठ लिपिक. मिसबाईंनी पेढा तोंडात टाकला आणि अक्षर नीट काढ, एवढंच म्हणाल्या.

त्याच वर्षी शाळेनं आठवी ते दहावीच्या वर्गांची मान्यता मागितली. मिळाली नसती तर सातवीनंतर आमच्या वस्तीतल्या मुलींची शिक्षणं तिथंच संपत होती, कारण शहरातल्या शाळेत इतक्या लांब कुणी पोरी धाडत नसे. तपासणीचं पथक ठरलं: एक साहेब आणि कागद सांभाळायला मी.

साहेब माणूस चांगला होता, हे मला सांगायलाच हवं. त्यांनी विहीर पाहिली, वर्ग पाहिले, पोरांना पाढे विचारले आणि खूश झाले. मग हजेरीपट उघडला. शेवटच्या पानाशी थांबले.

"बाई, हे गोल काय आहेत?"

"यायची हायेत ती लेकरं."

"कधी गेलेली?"

मिसबाईंनी एकेकाचं वर्ष सांगितलं. साहेबांनी पेन खाली ठेवलं. पटावर दोनच खुणा असतात, त्यांनी समजावून सांगितलं, हजर आणि गैरहजर. ठरावीक दिवसांनंतर नाव कमी करावं लागतं. ही एकोणीस नावं वर कुणी पाहिली तर खोटा पट म्हणतील, आणि खोट्या पटाच्या शाळेला नवे वर्ग सोडाच, आहे ती मान्यताही राहणार नाही. नावं ठेवून उपयोग तरी काय, असं त्यांनी अगदी सौम्यपणे विचारलं.

मिसबाईंनी हे कुणाला सांगितल्याचं मी तोवर ऐकलं नव्हतं. त्या खिडकीतून बाहेर बघत बोलल्या.

"मी सात वर्सांची असताना आईनं मला या फाटकात सोडलं. असाच दुष्काळ होता. पाऊस पडला की नेते म्हणली. मिसनं वरीसभर वाट बघितली, मग नियमानं माझं नाव कमी केलं, दुसरं नाव ठेवलं. तिचं काई चुकलं न्हाई. त्याच्या पुढल्या वर्सी आई आली. फाटकावरच्या माणसानं पट बघितला आन् अशी पोरगी हितं न्हाई म्हणून सांगितलं. मी तवा इहिरीवर होते, सायेब. फाटकातनं दिसती ती इहीर."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, "तुमच्या जागी मीही ठेवली असती, बाई, पण हा पट माझ्या वरच्या माणसाच्या टेबलावर जाणार आहे. नावं आत्ता कमी केली तर मी आत्ता सही करतो." बाहेर मधली सुट्टी झाली होती. पोरींचा फुगड्यांचा आवाज येत होता.

मिसबाईंनी ड्रॉवरमधून लाल शाईचं पेन काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. "तू काढ. परत आलेली तूच एक हायेस या खोलीत."

मी नाही म्हणू शकले असते का? हा प्रश्न मी स्वतःला इतक्या वेळा विचारला आहे की आता त्याचं उत्तरही गुळगुळीत झालंय. मी पट्टी घेतली आणि रेघा मारू लागले. अकरावं नाव महानंदाचं होतं. पेन तिथं अडखळलं. साहेब चहा पीत होते, एखादी रेघ कमी पडली तर त्यांच्या लक्षातही आलं नसतं. मी पट्टी खाली सरकवून बाराव्या नावावर नेली. मिसबाईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"तिचं एकलीचं ठेवू नको," त्या हळूच म्हणाल्या. "बाकीच्यांनी काय केलंय?"

मी पट्टी वर घेतली आणि रेघ मारली. एकोणीस झाल्या. साहेबांनी सही केली. शाळेला दहावीपर्यंतचे वर्ग मिळाले, आजही आहेत, आता तर पोरं पिवळ्या बसनं येतात. त्या सहीमुळं शिकलेल्या मुली मला बाजारात भेटतात, कुणी नर्स आहे, कुणी तलाठी. बरोबरच झालं ते. मी निघताना मिसबाईंनी कपाटातून महानंदाची वही काढून माझ्या हातात दिली. पटावर नाव नाही तर वही शाळेत ठेवता येणार नाही, म्हणाल्या.

त्यानंतर मी शाळेत गेले नाही. सबबी खऱ्या होत्या. लग्न झालं, नांदेडला बदली झाली, मुलं झाली. किनवटकडच्या वसतिगृहांच्या तपासणीला जायची तेव्हा गैरहजरांच्या रकान्याशी माझं बोट थांबायचं. ही मुलगी कुठं गेलीय, मी विचारायची, आणि तिथला माणूस सांगायचा, मॅडम, ते आम्हाला कसं ठाऊक असणार. बरोबरचे हसायचे. पण लातूरला माहेरी आले तरी शाळेच्या रस्त्यानं जायचं मी टाळत होते. मिसबाई रागावल्या असत्या तर मी गेले असते. त्या रागावणार नाहीत, हीच भीती होती.

जिल्ह्याला सहा-सात वर्षं झाली असतील, तेव्हा शाळेतल्या आयाबाईचा निरोप आला. मिसबाई अंथरुणाला खिळल्यात, माणसं ओळखत नाहीत, दिवसभर हजेरी घेतात आणि कुणाच्याच उत्तरानं त्यांचं समाधान होत नाही. तू ये. मी महानंदाची वही पिशवीत टाकली आणि पहिल्या एसटीनं निघाले. ती का घेतली ते मला सांगता येणार नाही.

दुपारची वेळ होती. शाळेमागच्या खोलीत त्या भिंतीकडं तोंड करून पडल्या होत्या. इतक्या लहान दिसत होत्या की आयाबाईंनी दाखवल्या नसत्या तर मला पलंग रिकामाच वाटला असता. शिट्टी गळ्यात होती. आणि त्या नावं पुकारत होत्या, सावकाश, एकेका नावानंतर थांबत. तीच नावं, मी रेघा मारलेली, त्याच क्रमानं. आयाबाई म्हणाल्या की हे नवं नाही. तपासणीच्या दुसऱ्या दिवसापासून मिसबाई हजेरी झाली की पट मिटून ठेवत आणि मिटल्या पटावर हात ठेवून ही एकोणीस नावं तोंडपाठ पुकारत. पोरं उत्तर देत. सात वर्षं हे चाललं होतं आणि मी नांदेडला बसून समजत होते की मी ती नावं पुसली.

मी पलंगाशी बसले आणि उत्तरं देऊ लागले. यायचाय, मिसबाई. यायचीय, मिसबाई. त्यांचा श्वास शांत झाला. अकरावं नाव आलं. महानंदा. मी पिशवीतल्या वहीवर हात ठेवला आणि म्हणाले. "यायचीय." मग बारावं, मग पुढची, एकोणीस संपली.

मला वाटलं, झालं. पण त्यांनी आणखी एक नाव घेतलं. माझं.

ते त्या एकोणिसांत कधीच नव्हतं. त्यांच्या मनात तेच दुष्काळाचं वर्ष चालू असणार, मी कालव्यावर, माझी जागा रिकामी. त्या थांबल्या. कपाळाला आठ्या पडल्या. पुन्हा नाव घेतलं, जरा मोठ्यानं. माझ्यासाठी उत्तर द्यायचं काम जिचं होतं, ती तिथं नव्हती.

मी उभी राहिले, वर्गात राहायचो तशी, हात बाजूला ठेवून.

"आले, मिसबाई."

त्यांनी भिंतीकडचं तोंड वळवलं. मला ओळखलं असं मी म्हणणार नाही. हात चादरीवरून चाचपडत फिरला, काहीतरी उचलल्यासारखा झाला आणि माझ्याकडं पुढं आला.

"मग तुझी वही घे."

त्यांच्या हातात काही नव्हतं. मी दोन्ही हात पुढं केले आणि ती घेतली.